डेलच्या हातून पडलेली रायफल

मित्रांनो, माझा दस्ता लाकडाचा नाही, काळ्या प्लास्टिकचा आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचे असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावे. मी हरणाच्या शिकारीची एक साधी, स्वस्तातली रायफल आहे. स्वस्त म्हणजे वाईट असे ज्यांना वाटते, त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे श्रीमंत रायफलींसाठी अक्रोडाचे लाकूड घासून चमकवत, त्यावर नक्षी कोरत. माझ्या वाट्याला नक्षी आली नाही. पण माझी नळी त्यांच्याइतकीच सरळ होती. ज्या बाईने ती तपासली, तिने उजेडाकडे धरून आतून पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. नंतर मी खोक्यात बंद झाले आणि अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात, म्हाताऱ्या ऑर्विलच्या दुकानात येऊन भिंतीला लागले.

त्या गावात नोव्हेंबर उजाडला की शाळा, गिरणी, चर्च सगळे हरणांविषयीच बोलतात. हिवाळा लांब असतो आणि घरोघरी शीतपेटीत हरणाचे मांस लागते. माझी मालकीण मार्लीन कोस्केला हिच्या घरी ते आणायचे काम तिचा नवरा वाइनो करत असे. पण लाकडाच्या गिरणीत ओंडका अंगावर येऊन त्याचा उजवा खांदा निकामी झाला. रायफलीचा धक्का आता त्याला सोसवत नव्हता. त्याच्या वडिलांची जुनी रायफल त्याचा धाकटा भाऊ डेल घेऊन गेला होता. "तुला आता काय उपयोग तिचा?" एवढे म्हणाला आणि गेला. म्हणून रस्त्यावरचे बर्फ हटवणारी गाडी चालवणारी मार्लीन, वयाच्या पन्नाशीत, स्वतःसाठी रायफल घ्यायला दुकानात आली. डेल बरोबर आला. त्याला कुणी बोलावले नव्हते.

"वहिनी, ही बघ," त्याने आल्या आल्या एक नक्षीदार रायफल उचलली. "हिला म्हणतात रायफल. दहा पिढ्या टिकेल."

"मला दहा पिढ्यांचं करायचं काय? मला या हिवाळ्याचं बघायचंय," मार्लीन म्हणाली.

तिने खिशातून गाडी चालवतानाचे जाड हातमोजे काढले आणि घातले. मग एकेक रायफल खांद्याला लावून तिचा सुरक्षेचा खटका अंगठ्याने सरकवून पाहू लागली. नक्षीवालीचा खटका मोज्यातून सापडेना. दुसरी इतकी जड होती की मार्लीनने लगेच खाली ठेवली. मग तिने मला उचलले. मी तिच्या खांद्यात नीट बसले. माझा खटका मोज्यासकट मागे-पुढे सरकला.

"धक्का कमी बसतो हिचा," ऑर्विल म्हणाला. "आणि माझं ऐकशील तर, वाचलेल्या पैशात हिच्यावर बसवायला बरी दुर्बीण घे आणि भरपूर काडतुसं. सराव कर. हरणाला नक्षी दिसत नाही, पोरी."

"अहो, प्लास्टिक आहे ते!" डेल हसला. "वहिनी, पाण्याची पिचकारी मारायची असेल तर घे."

दुकानातले दोघे-तिघे हसले. माझा संताप झाला, पण मार्लीनने मला खाली ठेवले नाही. "हीच दे," ती ऑर्विलला म्हणाली.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. कामावरून सुटली की मार्लीन मला गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत नेई. वाइनो उपड्या बादलीवर बसून शिकवी. "श्वास अर्धा सोड. चाप ओढू नकोस, दाबत जा. घाई कसली? कागद पळून जात नाही." सुरुवातीला गोळ्या इकडेतिकडे गेल्या. मग जवळ येऊ लागल्या. एके दिवशी कागदावर तीन भोके अशी पडली की वाइनोने त्यांवर एक नाणे ठेवले आणि तिन्ही झाकली गेली.

"अगं, एवढा नेम तर माझाही नव्हता," तो म्हणाला.

"तुझा नव्हताच," मार्लीन म्हणाली आणि दोघे हसत सुटली.

मित्रांनो, आता जे सांगते ते सांगताना माझी नळी अजून तापते.

शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी डेल घरी आला. मला पुसून, रिकामी करून पडवीतल्या बाकावर ठेवले होते. मार्लीन कॉफी आणायला आत गेली. डेलने मला उचलले, अंगणात नेले, कावळ्यांवर नेम धरल्याची नक्कल केली. मग सिगरेट पेटवायला त्याने मला आपल्या ट्रकला टेकवून उभी केली. मी घसरले. गोठलेल्या खडीवर पडले, तीही दुर्बिणीच्या बाजूने. खाडकन आवाज झाला. डेलने दाराकडे पाहिले. कुणी आले नव्हते. त्याने मला उचलले, बाहीने बर्फ पुसले आणि पुन्हा बाकावर ठेवले. मार्लीन कॉफी आणि वेलचीचा पाव घेऊन आली, तेव्हा हा गडी बाकावर बसून तिला विचारत होता, "काय वहिनी, उद्या पिचकारी नेणार ना?"

त्याने तिच्या हातची कॉफी प्यायली. दोन कप. माझ्या पडण्याविषयी एक शब्द बोलला नाही. माझ्या दुर्बिणीचा नेम बिघडला आहे हे मला कळत होते आणि मला तोंड नव्हते!

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मार्लीन देवदारांच्या आडोशाला बसली होती. चांगले उजाडल्यावर एक नर हरीण मोकळ्यात आले. ती थांबली. ते आडवे उभे राहीपर्यंत थांबली. श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला. तिचा हात हलला नाही, याची साक्ष मी देते. पण दुर्बीण खोटे दाखवत होती. छातीत लागायची गोळी मागच्या पायात लागली. हरीण कोसळले, उठले आणि पाय ओढत दलदलीकडे पळाले.

"नाही, नाही, नाही," मार्लीन पुटपुटत होती. ती रक्ताच्या खुणांमागे निघाली. पाण्यावरचे बर्फ फुटून ती गुडघ्यापर्यंत आत गेली. बूट भरले. ती परत फिरली नाही. जखमी जनावराला सोडून घरी जायचे नसते, हे तिला वाइनोने पहिल्याच दिवशी सांगितले होते. दुपार उलटली तेव्हा ते हरीण एका पडलेल्या झाडामागे सापडले. ते तिच्याकडे बघत होते. इतक्या जवळून माझी बिघडलेली दुर्बीणही चुकू शकत नव्हती. शेवटची गोळी झाडून झाल्यावर मार्लीनने हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तिथेच, ओल्या पायांनी, रडत बसली.

गावच्या हॉलमध्ये शिकारी पास्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या भाजक्या करंज्या, खात जमले होते. डेलचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "मी सांगितलं नव्हतं? स्वस्तातलं घेतलं की हे असं होतं! बिचारं जनावर!"

बिचारं जनावर! हे तो म्हणाला!

मार्लीन तिथून निघाली. घरी येऊन मला कपाटात ठेवताना म्हणाली, "चूक माझीच. माझा हात हलला असणार. वाइनो, मी पुन्हा जाणार नाही. विकून टाक ही."

सकाळी वाइनोने मला बाहेर काढले आणि तो तिला म्हणाला, "चल खाणीत."

"मी नाही येत."

"एकच गोळी. माझ्यासाठी."

वाळूच्या पिशवीवर मला टेकवून तिने गोळी झाडली. भोक कागदाच्या पार उजव्या कोपऱ्यात पडले. दुसरी गोळी त्याच्याच शेजारी. वाइनोने मला घेतले, दुर्बिणीच्या कडेवरून उघडे बोट फिरवले आणि एका जागी थांबवले. तिथे चेप होता आणि चेपात खडीची पांढरी रेघ.

"ही कधी पडली?"

"माझ्या हातून? कधीच नाही."

"मग कुणाच्या हातात दिली होतीस?"

"दिली नव्हती कुणाला," म्हणता म्हणता मार्लीनला पडवीतला बाक आणि त्यावर बसलेला डेल आठवला. मग तिने मला खांद्याला अडकवले आणि ट्रककडे चालू लागली.

डेल आपल्या गॅरेजात मित्रांबरोबर उभा होता. मार्लीनने मला त्याच्यासमोर टेबलावर आडवे ठेवले आणि चेपावर बोट ठेवले. "हे काय आहे?"

"मला काय माहीत? स्वस्तातलं..."

"डेल." वाइनो दारातून म्हणाला. फक्त एवढेच.

डेलने मान खाजवली. "अगं, टेकवून ठेवली होती तेवढी. घसरली. बर्फावरच तर पडली. एवढ्याशा गोष्टीसाठी काय गाजावाजा करायचा?"

"एवढीशी?" मार्लीनचा आवाज चढला. "पडली, एवढं म्हणाला असतास, तर मी तेव्हाच खाणीत जाऊन नेम लावून आणला असता. एक शब्द, डेल! तो तू माझ्या कॉफीबरोबर गिळलास, आणि त्यापायी ते जनावर अर्धा दिवस पाय ओढत फिरलं. वर तू हॉलमध्ये उभा राहून मला नावं ठेवलीस!"

मित्रांपैकी कुणी हसले नाही. एकाने हातातला कप खाली ठेवला आणि डेलकडे पाठ केली.

"चुकलं वहिनी," डेल म्हणाला.

"हातमोजे घाल. खाणीत यायचंय."

त्या दिवशी वारा सरोवरावरून येत होता आणि डोळ्यांतून पाणी काढत होता. मार्लीन एक गोळी झाडी, दुर्बिणीचा स्क्रू जरासा फिरवी आणि म्हणे, "जा, बघून ये." डेल बर्फातून कागद लावलेल्या फळीपर्यंत जाई, भोक कुठे आहे ते ओरडून सांगे आणि परत येई. तिने घाई केली नाही. वाइनो बादलीवर बसून पास्टी खात होता. भोके मधोमध येईपर्यंत डेलचे नाक लालभडक झाले होते.

त्यानंतर मी मार्लीनबरोबर बरेच हिवाळे काढले. माझा दस्ता ओरखडला आहे, पण आमची गोळी पुन्हा कधी वाकडी गेली नाही. लोक अजून मला प्लास्टिकची म्हणतात. म्हणू देत.

मित्रांनो, वस्तू स्वस्त असो की महाग, ती हातून पडू शकते. पडण्याचा मला राग नाही. पण तुमच्या हातून दुसऱ्याची वस्तू पडली, तर ती गुपचूप पुसून जागेवर ठेवू नका. तिला बोलता येत नाही. तुम्हाला येते. आधी मालकाला हाक मारा.