खासगी वापर

कर कार्यालयाच्या अलीकडच्या वळणावर काटेवाल्यांनी गाडी कडेला घेतली आणि बायकोला म्हणाले, "तू इथंच उतर."

तिला आधी कळलंच नाही. कार्यालय अजून बरंच पुढे होतं, आणि रस्ता चढाचा होता. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. आत जाऊन आपण म्हणणार, ही गाडी घरच्या कामाला कधी वापरलीच नाही. आणि फाटकातून शिरताना शेजारी बायको बसलेली. वरच्या खिडकीतून कुणी पाहिलं म्हणजे?

पट्टा तिला सोडवता येईना, तो त्यांनीच सोडवला. दाराला धरून, दुखरा गुडघा आधी बाहेर काढत ती उतरली आणि पिशवी सावरत चालायला लागली. आरशात ती लहान होत जाताना त्यांना वाईट वाटलं, पण वाईट वाटायलाही त्या दिवशी त्यांना फुरसत नव्हती.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनकाटे दुरुस्त करायचे, म्हणून लोकांनी पाडलेलं नाव. सोनाराच्या नाजूक काट्यापासून ते अख्खा ट्रक चढतो त्या काट्यापर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. उमेदीची वर्षं एका कंपनीत नोकरीत काढली. मग कंपनीने दुरुस्तीचा विभागच गुंडाळला आणि "आजपासून तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार" म्हणून त्यांच्या हातात कागद ठेवला. स्वतंत्र म्हणजे काय, तर काम तेच, साहेब तेच, फक्त गाडी आपली, पेट्रोल आपलं, आणि टायर फुटला तर तोही आपलाच.

त्यांनी एक जुनी गाडी घेतली. मागची सीट काढून टाकली आणि तिथे लोखंडी वजनं रचली. काटा खरं बोलतो की खोटं, हे ताडायला ती लागतातच. पुढे शेजारच्या सीटवर हत्यारांची पेटी. एवढं झाल्यावर गाडीत एकाच माणसाला जागा उरली.

विवरणपत्र भरताना कर सल्लागाराने त्यांना दरवर्षी सांगितलं होतं, की थोडा खासगी वापर दाखवा, चौथाई तरी दाखवा, सगळेच दाखवतात, मग कुणी विचारत नाही. काटेवाले ऐकेनात. जे नाही ते लिहायचं कसं? त्यांनी दरवर्षी शून्य लिहिलं. आणि आता मागच्या चार वर्षांचा गाडीचा सगळा खर्च का नाकारू नये, असं विचारणारी नोटीस आली होती. नाकारला तर कर आणि वर दंड. तो भरायला गाडीच विकावी लागली असती, आणि गाडी गेली की धंदा गेला.

"कर नाही त्याला डर कशाला," शेजारी म्हणाले होते.

"इथं करच तर आहे," काटेवाले म्हणाले होते, आणि हसले नव्हते.

नोटीस आल्यापासून त्यांचं खाण्यापिण्यावरून मन उडालं. येता-जाता ते आठवत बसायचे, गाडी कधी घरच्या कामाला नेली होती का? परतीच्या वाटेवर औषधं घेतली होती, ते खासगी का? भाजी घेतली तर? आज बायको हट्टाने बरोबर निघाली ती यामुळेच. एकटे जाल आणि भलतंच काहीतरी कबूल करून बसाल, असं तिचं म्हणणं. तिच्यासाठी त्यांनी पेटी उचलून मागे वजनांवर ठेवली होती.

अधिकारी बाई सर्दीने बेजार होत्या. आवाज बसलेला, टेबलावर रुमालांचा ढीग. त्यांनी पेट्रोलच्या पावत्या चाळल्या आणि विचारलं, घरून पहिल्या गिऱ्हाइकाकडे जाता ते कामात कसं धरलंत? काटेवाल्यांनी सांगितलं, की सुटे भाग घरी, पाना घरी, दुरुस्ती घरी. घर म्हणजेच दुकान. बाईंना ते पटलं असावं. त्यांनी पान उलटलं.

"खासगी वापर शून्य," त्या म्हणाल्या. "असं मला आजवर कुणी लिहून दिलेलं नाही. तुम्हाला घरी माणसं नाहीत का?"

"आहेत."

"मग?"

काटेवाल्यांना सीट काढल्याचं सांगायचं होतं, वजनांचं सांगायचं होतं. यातलं काहीच वेळेवर आठवेना. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बायको खाली आहे. तिलाच विचारा."

शिपायाने तिला बोलावून आणलं. जिन्यावर तिची पावलं आधीच ऐकू आली, एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. बाईंनी खुर्ची दिली आणि या गाडीतून तुम्ही कुठे कुठे जाता, म्हणून विचारलं.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"लग्नकार्य? दवाखाना?"

तिने आठवून पाहिलं. खोटं सांगायला नव्हे, खरं तेच सांगायला लागतो तेवढा वेळ घेतला. "लेकीला सासरी पोचवलं ते बसने. सासूबाईंना शेवटचं दवाखान्यात नेलं, ते टॅक्सीने." काटेवाले प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. बायको मुद्देसूद बोलत होती, आपल्यापेक्षा कितीतरी बरं. "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा शेजाऱ्यांनी आणलं घरी. यांच्या गाडीत वजनं होती. ती उतरवायची, परत चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी यांचं काम लांबच्या गावाला होतं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती. पण काटेवाल्यांची मान हलायची थांबली.

"आज बसले," ती पुढे म्हणाली. "पहिल्यांदाच. कोपऱ्यापर्यंत."

बाईंनी रुमाल नाकाला लावला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. मग म्हणाल्या, "आजचं आम्ही कामातच धरतो. आम्हीच बोलावलं होतं."

खर्च पूर्ण मान्य झाला. बाईंनी एक जबाब लिहून घेतला, की सदर वाहन कुटुंबाच्या वापरात नाही. त्याखाली काटेवाल्यांनी सही केली. बायकोने ते वाक्य ओठांत वाचलं आणि तिनेही केली, प्रत्येक अक्षर सुटं काढून.

खाली आल्यावर काटेवाल्यांनी फडक्याने पुढची सीट पुसली आणि दार उघडून धरलं. एवढं मोठं ओझं उतरलं होतं, तरी हलकं वाटत नव्हतं.

"बस," ते म्हणाले. "तळ्याच्या रस्त्याने जाऊ. तुला तो नवा पूल बघायचा होता ना?"

"आत्ताच सही केलीय मी."

"अगं, आता कोण बघतंय?"

"तुम्हीच बघाल," ती म्हणाली. "घरी जाऊन आजचे किलोमीटर कशात धरायचे म्हणून घोर लावून घ्याल. परत जेवण जायचं नाही तुम्हाला. गाडी कामाचीच असू दे."

ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. चार शब्द ऐकून घेतले असते, हातापाया पडून तिला बसवलं असतं. पण ती त्यांची काळजीच करत होती. तिने दार हळूच लोटून लावलं, काचेवर बोटांचा ठसा उमटला होता तो पुसला आणि फाटकाबाहेरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

बस आली. चढताना तिला पायरी उंच पडली. वाहकाने हात दिला.

काटेवाल्यांनी गाडी बसच्या मागे घातली. पुढे काढायला दोनदा रस्ता मोकळा मिळाला, पण त्यांनी काढली नाही. बस थांब्यावर थांबली की तेही थांबत. मागचे गाडीवाले भोंगे वाजवत आणि वळसा घालून निघून जात. बसच्या मागच्या काचेतून माणसांची डोकी दिसत होती, आणि त्यांच्या मधोमध तिचं. थोड्या वेळाने ते खाली गेलं.

कुणीतरी तिला बसायला जागा दिली होती.