गुडघ्यावरची सम

बाकीचे लोक गाणं ऐकायला आले होते. बाई एकट्या धास्तावून बसल्या होत्या. विद्यापीठाच्या संगीत विभागातल्या प्राध्यापकांची मैफल, आणि गायला बाईंचेच यजमान. तापात यजमानांचा उजवा कान कायमचा गेला होता आणि डावाही आता कुरकुरू लागला होता. स्वतःचा सूर त्यांना आतून सापडायचा. तबला मात्र भिंतीपलीकडे कुणी सामान हलवावं तसा. हे बाहेर फुटलं तर नोकरीवर गदा येणार. ऐकू न येणाऱ्या माणसाला गाणं शिकवायला कोण ठेवील?

तबलजीकडे सारखी मान वळवली तर लोकांना संशय येईल, म्हणून नवराबायकोने शक्कल लढवली. बाईंनी पहिल्या रांगेत बसायचं, बोटांवर मात्रा मोजायच्या आणि तालाचं नवं आवर्तन सुरू झालं, सम आली, की उघडा तळवा गुडघ्यावर टेकवायचा.

"अहो, पण मी चुकले तर?"

"चुकायला तू काय आमच्या विभागात शिकवतेस?" यजमान हसले होते. "तू फक्त हात सोडू नकोस. बाकी मी बघतो."

ठरल्याप्रमाणे बाई आज पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यात नेमके विभागप्रमुख शेजारी येऊन बसले.

सुरुवात झकास झाली. यजमान तान घेता घेता हळूच गुडघ्याकडे बघत आणि तळवा टेकताच मुखडा नेमका समेवर आणत. सगळ्या सभागृहाच्या माना एकदम खाली येत. तबलजी खूश, प्रमुख खूश. निभावलं बहुतेक, असं बाईंना वाटू लागलं.

तेवढ्यात प्रमुख त्यांच्याकडे झुकले. "वहिनी, ताल अगदी पक्का आहे हो तुमचा! मघापासून बघतोय."

बघतोय? कशाला बघतोय? कळलं की काय मेल्याला? बाईंना दरदरून घाम फुटला. बोटं चालत राहिली, पण मोजणी कुठे गेली कोण जाणे. नववी मात्रा की तेरावी? की सम आलीच? तान वरून उतरत होती आणि यजमानांचे डोळे गुडघ्यावर खिळले होते. काहीतरी द्यायलाच हवं होतं. बाईंनी तळवा टेकवला.

यजमानांनी मुखडा तिथेच आणून ठेवला, चांगला ठसक्यात. एकही मान खाली आली नाही. सम अजून यायची होती. तबलजीने दचकून पाहिलं, आणि मग ती एकट्यानेच गाठली. मागे कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

त्या सभागृहात एकाच माणसाला काही कळलं नव्हतं. यजमानांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं. त्यांनी भुवई उडवून बाईंना विचारलं, जमलं ना?

बाईंना मोठ्याने रडावंसं वाटलं. त्यांनी मान डोलावली. जमलं. मग तबलजीच्या हातांवर नजर लावून त्या पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या, कारण हात सोडायचा नाही असं ठरलं होतं. प्रमुख आता मंचाकडे पाहत नव्हते. ते बाईंच्या गुडघ्याकडे पाहत होते.