पोच येईपर्यंत

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. पण बिचारा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एका रुग्णालयात, जिन्याखालच्या खोलीत माझा पंखा घरघरत असतो.

पूर्वी मी हिशेब विभागात होतो. तिथून मला भंगारात काढलं, तेव्हा इथल्या इंजिनिअर बाईंनी उचलून आणलं. त्यांनी माझी धूळ झटकली, नवी डिस्क बसवली आणि निरोपांची रांग सांभाळणारा एक छोटा प्रोग्राम माझ्यात घातला. वॉर्डातून आलेला निरोप जपून ठेवायचा, प्रयोगशाळेला किंवा औषधालयाला क्रमाने द्यायचा आणि 'मिळाला' अशी पोच येईपर्यंत पुसायचा नाही, हे माझं काम. पहिला निरोप ठेवला आणि बाईंनी चक्क माझी वायर उपटली! पुन्हा चालू झालो, तर निरोप जागच्या जागी. बाई खुदकन हसल्या.

सुरुवातीला सगळ्यांनी वाखाणलं, मग विसरून गेले. नवे व्यवस्थापक तर मला 'डबडं' म्हणू लागले.

एका सकाळी प्रयोगशाळेचा संगणक बंद पडला. तिकडे निरोप घ्यायला कुणी नाही, वॉर्डातून मात्र ते येतच होते. माझ्याकडची रांग वाढत चालली. व्यवस्थापक तरातरा खाली आले. डबडं तुंबलंय, सगळं पुसा आणि नव्याने सुरू करा, असं त्यांनी फर्मावलं.

बाई खुर्चीवरून हलल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "पुसणार नाही, साहेब. यातला एकेक निरोप म्हणजे कुणाच्या तरी रक्ताची तपासणी आहे. बिघाड वर प्रयोगशाळेत आहे, इथे नाही."

साहेब पाय आपटत गेले. बाईंनी माझ्या डिस्कवरचा जुना पसारा काढून जागा केली. मीही हट्टाला पेटलो होतो. तापलो, पण एकही निरोप सांडला नाही. दुपारी प्रयोगशाळा सुरू झाली आणि मी सगळे निरोप ओळीने पोचते केले. त्यात तापाने फणफणलेल्या एका बाळाचा होता. संध्याकाळी तपासणीचा अहवाल पाहून त्याचं औषध बदललं, दोन दिवसांनी ते आईच्या कडेवर बसून घरी गेलं.

त्यानंतर साहेब पुन्हा खाली आले. दाराशी थोडा वेळ घुटमळले आणि हळूच म्हणाले, "या डबड्याला जोडीदार आणता येईल का?"

डबडं तर डबडं! मित्रांनो, मला हारतुरे नकोत. माझी जाळी पुसा, डिस्क भरत आली की लक्ष द्या. कधीतरी मला बंदही कराल, खुशाल करा. पण रांगेत कुणी उभं असताना मी जागचा हलणार नाही.