बेशुद्ध पेशंट

“तयार...” वकील म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघायच्या आत ताईने आपल्या वाट्याचा दांडा कमरेपर्यंत उचलला.

स्ट्रेचर एका बाजूने वर गेलं. त्यावर पट्ट्यांनी बांधलेला चष्मेवाला उजवीकडे घसरला, चष्मा नाकावरून कानाशी आला, आणि तो ओरडला, “अरे, पेशंट पडतोय! पेशंट!”

“टेका,” मॅडम म्हणाल्या.

चौघांनी स्ट्रेचर खाली टेकवलं. लंबू हसत होता, जिला सगळे जुळी म्हणत ती मुलगी हसू दाबत होती. ताईच्या कानशिलांवर मात्र घाम आला होता.

“उचला म्हटल्यावर उचलायचं. किती वेळा झालं हे आज?”

“चार,” ताईच म्हणाली.

“पाच,” चष्मेवाला म्हणाला. “मी वर झोपलोय, मला माहीत.”

सेवावर्ष सुरू होऊन पाचवा दिवस होता. वर्षभर जिथे पाठवतील तिथे जायचं, पडेल ते काम करायचं. त्याआधी दहा दिवसांचं हे शिक्षण. सहा-सहा जणांच्या चार तुकड्या होत्या. शिकवणाऱ्या मॅडमनी बावीस वर्षं रुग्णवाहिकेवर काढली होती आणि एवढ्या काळात त्यांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. सगळ्या तुकड्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: डोंगरावरचं मदतकेंद्र. वाट चुकलेल्यांना, पाय मोडलेल्यांना तिथून खाली आणायचं. जागा एकाच तुकडीला, उद्याच्या परीक्षेत पहिली येईल तिला. उरलेल्या तिन्ही तुकड्या शहराच्या गोदामात वर्षभर खोकी रचणार होत्या.

टोपणनावं सगळ्यांनाच पडली होती. तिला ताई म्हणायला सुरुवात केली ती जुळीने. घरून फोन आला की पलीकडून तीन आवाज एकदम “ताई, ताई” करायचे, ते हिने ऐकलं होतं. दोन दिवसांत अख्खी तुकडी ताई म्हणायला लागली. त्यातले लंबू आणि वकील तर तिच्यापेक्षा वयाने मोठे होते. ताईचे वडील बस चालवायचे, आई कपड्यांच्या कारखान्यात पाळीने शिवणकाम करायची, आणि पाठच्या तिघांच्या वेण्या, बूट, दप्तरं, ताप हे सगळं ताईच्या अंगावर. ती अकरा वर्षांची असल्यापासून. एकोणिसाव्या वर्षी तिने अर्ज भरला तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, “जा. बघू आम्ही.” त्या ‘बघू’मध्ये किती राग आणि किती माया, याचा हिशेब ताईला अजून लागला नव्हता.

इथे आल्यापासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती सहाही जणांच्या दोऱ्या गुंडाळून ठेवायची. कुणाचा बूट ओला, कुणाची बाटली रिकामी, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. रात्री अंथरुणावर पडली की छाती धडधडत राहायची, उद्या काय शिकवतील म्हणून. झोप अशी लागतच नव्हती. डोंगर आपल्यालाच मिळणार, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

त्या संध्याकाळी मॅडमनी तिला अंगणातल्या नळापाशी गाठलं.

“तुझ्यात ताकद आहे. पण चौघांत तू एकटीच उचलतेस, म्हणून स्ट्रेचर कलतं.”

“मी उद्या नीट करेन, मॅडम.”

“उद्या परीक्षेत तू पेशंट.”

ताईचा हात नळावरच राहिला. “आणि माझ्या जागी?”

“चष्मेवाला.”

“मॅडम, त्याला स्वतःची बॅग जिना चढवता येत नाही!”

“मग उद्या कळेलच,” मॅडम म्हणाल्या आणि नळ बंद करून गेल्या.

परीक्षा साधी होती, म्हणजे ऐकायला. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपासून खालच्या अंगणापर्यंत एकशे चाळीस पायऱ्या, तीन वळणं. बारा मिनिटांत पेशंटला खाली आणायचं. खाली आल्यावर पेशंटने सांगायचं, कुठे कुठे धक्का बसला. प्रत्येक धक्क्याला एक गुण वजा. मॅडम बाजूने चालत वहीत आपल्या खुणा करायच्या. पेशंट खोटं बोलला तर तुकडी बाद.

दुसऱ्या दिवशी त्यांचा नंबर शेवटचा आला. तोवर सगळ्यांत चांगली कामगिरी तीन नंबरच्या तुकडीची होती: अकरा मिनिटं, तीन धक्के. ते खाली अंगणात बसून आतापासूनच डोंगराची गाणी म्हणत होते. टाकीजवळ जुळी तळवे पॅन्टला पुसत होती. चष्मेवाल्याने चष्मा दोरीने डोक्यामागे बांधला होता.

“तिसरी पायरी फुटकी आहे,” पट्टे आवळून घेताना ताई म्हणाली. “दुसऱ्या वळणावर आतली बाजू धरा. आणि चष्मेवाल्या, मनगट सरळ ठेव, नाहीतर—”

“पेशंट बेशुद्ध आहे,” मॅडम म्हणाल्या. “बेशुद्ध माणूस बोलत नाही.”

ताईने ओठ मिटले. वकील तिच्या डोक्याशी उभा राहिला. त्याची हनुवटी तिला उलटी दिसत होती.

“तयार... उचला!”

ती वर गेली. चारही बाजूंनी, एकदम. असं काही होईल याची तिला कल्पनाच नव्हती. पाळणा वर जावा तशी.

फुटक्या पायरीवर धक्का बसलाच. तिने पट्टा घट्ट पकडला. एक. पहिलं वळण चांगलं गेलं. दुसऱ्या वळणावर चष्मेवाल्याचा श्वास तिला ऐकू यायला लागला, भात्यासारखा. आतली बाजू, ती मनात ओरडली, आतली बाजू! लंबूचा पाय घसरला, स्ट्रेचर दणकन कठड्यावर आदळलं. दोन.

“टेका!” वकील ओरडला.

ताईचे डोळे उघडे होते. चष्मेवाला तळहातांवर फुंकर घालत होता. आता हा सोडणार. त्याला जागा बदलून द्यायला हवी, उंच माणसाला पुढे, खालच्या बाजूला घ्यायला हवं, हे तिला लख्ख दिसत होतं आणि तोंड उघडायची सोय नव्हती. तिने दात ओठांत रुतवले.

“लंबू, तू पुढे ये,” जुळी म्हणाली. “चष्मेवाला मागे. मागे वजन कमी येतं, आणि मी त्याच्या शेजारी आहे.”

“आणि मोजूया,” बाजूने चालणारी सहावी, बेकरीवाल्याची मुलगी म्हणाली. ही पाच दिवसांत पाच वाक्यंही बोलली नव्हती. “आमच्याकडे पिठाची पोती उतरवताना मोजतात. पाऊल सारखं पडतं.”

“मोज तू.”

“उचला! एक... दोन... एक... दोन...”

तिचा आवाज बारीक होता, पण ठाम. पावलं त्या आवाजात बसली. ताईने सवयीने पुढची पायरी आठवायचा प्रयत्न केला. आता सत्तरावी की एकाहत्तरावी? वर आभाळ हळूहळू सरकत होतं. एक... दोन... पट्ट्यावरची तिची बोटं कधी सैल झाली, ते तिला कळलं नाही.

“ताई! ए ताई!”

जुळीचा चेहरा अगदी जवळ होता, लालबुंद. पाठीखाली सपाट जमीन होती आणि चारी बाजूंनी माणसं उभी होती.

“साडेअकरा मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. “पेशंट, धक्के सांग.”

ताईने डोळे चोळले. “पहिला फुटक्या पायरीवर. दुसरा दुसऱ्या वळणावर, कठड्याला.”

“पुढे?”

“पुढे...” तिने एकेकाकडे पाहिलं. चष्मेवाला जमिनीवर फतकल मारून बसला होता. तळहात सोलवटलेले, वर धरलेले. “पुढचं मला माहीत नाही, मॅडम. झोप लागली.”

“झोप?” तीन नंबरच्या तुकडीतून कुणीतरी म्हणालं.

“मॅडम, हे लेखी घ्या!” वकील उसळला. “पेशंटचा जबाब आहे!”

मॅडमनी वहीत पाहिलं. तिथे चार खुणा होत्या. ताईला पडल्या पडल्या दिसत होत्या. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि शेवटच्या दोन खुणांवर सावकाश रेघ मारली.

“पेशंटला जे जाणवलं नाही, ते मी मोजत नाही. दोन.”

पुढे काय गोंगाट झाला ते सांगता येणार नाही. लंबू अंगणाला चक्कर मारून आला. बेकरीवाल्याची मुलगी “डोंगर, डोंगर” म्हणत रडत होती. ताईने पट्ट्याचं बक्कल सोडायला हात घातला. स्ट्रेचर पुसून जागेवर ठेवायचं होतं, चष्मेवाल्याच्या हाताला मलम लावायचं होतं.

“पेशंट बेशुद्ध आहे!” चष्मेवाला ओरडला आणि सोललेल्या हातांनी त्याने आपला दांडा धरला. “तयार...”

“अरे, सोडा मला!”

“उचला!”

वरात निघाली ती थेट जेवणघराकडे. हसता हसता ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर जेवणघराचं दार दिसत होतं, एकाच झडपेचं, अरुंद. चौघं चार बाजूंनी धरून त्यातून जाणं शक्यच नव्हतं. दोघांनी आधी पुढे व्हायला हवं होतं, दोघांनी मागे. चौघंही ओरडत, मोजत, सरळ त्या दारावर चालून निघाले होते.

ताईने तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि दोन्ही हात डोक्याखाली घेतले.