पोलादी दाताळं

जपानी पद्धतीची बाग केली की माणूस शांत होतो, असं ग्रंथालयातल्या पुस्तकात छापलेलं होतं. छापणाऱ्याची आणि फोरमनची कधी गाठ पडलेली नसावी.

पत्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाला तरी घरीदारी सगळे त्याला फोरमनच म्हणत. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. अडकलेलं दार त्याने एकदा लाथेने बिजागऱ्यांसकट पाडलं होतं. गेल्या वर्षी तर जेवता जेवता सख्ख्या धाकट्या भावाच्या तोंडावर असा गुद्दा हाणला की दोन दात ताटात पडले. गुन्हा काय, तर "वहिनी, मीठ जरा जास्त झालंय." वहिनीने फरशीवरचं रक्त पुसलं आणि नवऱ्याला सांगितलं, "यापुढे कोणावर हात उगारलात तर मी ताईकडे निघून जाईन. मग बोलवायलाही येऊ नका." बाई बोलेल तसं वागणारी होती. जगात फोरमन तिला एकटीलाच भ्यायचा, कारण तिच्याशिवाय आपला एक दिवस निभणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून हातांना उद्योग हवा, आणि म्हणून मागच्या अंगणात ही बाग.

बाग शांततेची, पण ती होताना बघवत नव्हती. बायकोचे गुलाब त्याने मुळासकट उपटले. बुटक्या पाइनच्या फांद्यांना वळण द्यायचं म्हणून तांब्याची तार इतकी आवळली की साल फाटून चीक गळायला लागला. दगड घणाने फोडले. घण फारच चढला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको एवढंच म्हणायची, "पुरे." की घण खाली.

उभा दगड निम्मा जमिनीत पुरावा, असं पुस्तकात होतं. एवढा धीर कोणाला? कमरेएवढा दगड त्याने वीतभर खड्ड्यात बसवला आणि हात झटकले. अंगणभर पसरलेल्या खडीवर पाण्यासारख्या लाटा ओढायला लाकडी दाताळं घ्यावं, असंही होतं. "लाकडाचं? त्याने काय दात कोरायचे?" म्हणत त्याने पोलादी सळयांचं दाताळं वेल्ड केलं, आणि जुन्या सवयीने एकेक दात ग्राइंडरवर धरून टोकदार केला.

काही म्हणा, बाग झाली देखणी. आठवडाभर फोरमनचा आवाजही चढला नाही.

मग ठसे दिसू लागले. रोज सकाळी मागच्या दारापासून उभ्या दगडापर्यंत आणि परत, रबरी सपातांचे, डाव्या टाचेचा तुकडा उडालेले. त्या सपाता धाकट्याच्या. तो वरच्या मजल्यावर राहायचा, सपाता मागच्या दाराशी सोडायचा आणि या बागेला 'मांजरांची सोय' म्हणायचा.

"ठसे तुझे ना?" फोरमनने विचारलं.

"दादा, मी आठला उठतो. तुझ्या दगडाला भेटायला पहाटे कोण जातंय?"

चार दिवस फोरमनने दात-ओठ खात लाटा पुन्हा ओढल्या. पाचव्या सकाळी ठसे होतेच, आणि धाकटा पायरीवर सपाता चढवत हसला, "आज पण पाहुणे येऊन गेले वाटतं!"

दाताळं हातातच होतं. पहिल्याच घावाला दात खांद्यात रुतले. फोरमनने ते खडीवर ओढतो तसं खाली ओढलं, आणि खांद्यापासून कोपरापर्यंत चार लाल रेघा उघड्या पडल्या. धाकटा किंचाळत खडीवर कोसळला. दाताळं पुन्हा वर गेलं, तेवढ्यात बायको धावत मध्ये आली. तिच्या कपाळापासून दोन बोटांवर दात थांबले.

ती "पुरे" म्हणाली नाही. तिने चादर फाडून दिराचा दंड बांधला, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"ठसे माझे होते. दाराशी ज्या सपाता असतील त्या मी घालते."

"तुझे? पण तू कशाला..."

ती दिरामागोमाग ॲम्ब्युलन्समध्ये चढली. दुपारी ताईचा फोन आला, की ती आता इथेच राहील.

फोरमनने रक्ताळलेली खडी उलथून पुरली, वरून लाटा ओढल्या. दुसऱ्या दिवशी एकही ठसा नव्हता. तिसऱ्या दिवशी उभा दगड कलला. चौथ्या दिवशी तो धाडकन पडला आणि पाइन बुंध्यातून मोडला.

खड्ड्यात विटांचे तुकडे होते, गोणपाटाच्या घड्या होत्या, त्याच्याच कारखान्यातल्या जुन्या शर्टाच्या चिंध्या ठासलेल्या होत्या. दगड रोज कलत होता आणि ती रोज नवऱ्याआधी उठून त्याला टेकू देत होती, त्याचं डोकं फिरू नये म्हणून. ठसे पुसले नाहीत, कारण दाताळ्याच्या खरखराटाने तो जागा झाला असता. हे सगळं त्याला त्या चिंध्या हातात धरून उभ्या उभ्या कळलं, आणि तो लहान मुलासारखा ओरडून रडला.

मग त्याने घण आणला. आधी दगड, मग दाताळं, मग उरलेला पाइन. प्रत्येक घावानंतर तो क्षणभर थांबायचा आणि खिडकीकडे बघायचा. संध्याकाळपर्यंत तळहात फाटून दांडा रक्ताने निसरडा झाला, तरी तो मारतच राहिला. पुरे म्हणायला घरात कोणी नव्हतं.