हिलालशेठचे कान

मित्रांनो, माझ्या गादीचं चामडं आता सोलून पडतंय, पण सुरतेत लिंबायत भागातल्या एका स्टुडिओत मी कितीतरी वर्षं हिलालशेठच्या कानांवर बसलेला हेडफोन आहे.

हिलालशेठ तरुणपणी धुळ्याकडून आले आणि यंत्रमागावर राबले. पुढे त्यांनी अहिराणी गाण्यांची कंपनी काढली. आधी कॅसेटी, मग सीडी, मग मोबाइलवर. खानदेशातल्या वरातीत वाजणारं गाणं बहुधा त्यांचंच असे. मला कानांवर चढवून ते डोळे मिटत. त्यांनी मान हलवली, की मागावरचा गडी गायक होई. नाही हलवली, तर दुसरं कुणी त्याला दारात उभं करत नसे.

मला अभिमान वाटे. पण शेठ माझा आवाज दरवर्षी वाढवत होते. रेकॉर्डिंग करणाऱ्या रघुनाथना वाटे, शेठना जोरातच आवडतं.

एकदा कविता नावाची मुलगी आईबरोबर आली. ती गायली. वरच्या पट्टीत तिचा आवाज बारीक, सरळ, स्वच्छ चढला. माझा पडदा शहारला. शेठनी मात्र मला खाली ठेवलं.

"वरला सूर लागत नही, बेटा."

रघुनाथ चमकले, पण त्यांनी मशीन बंद केलं. कविता "बरं, काका," म्हणाली आणि आईचा हात धरून जिना उतरली.

पुढे शेठना घरात कुकरची शिट्टीही ऐकू येईना, तेव्हा त्यांच्या पत्नी सुषमाकाकू त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मागाच्या खडखडाटानं कान केव्हाच अधू झाले होते. उंच सूर त्यांना वर्षानुवर्षं ऐकूच येत नव्हते. उरलंसुरलं माझ्या मोठ्या आवाजानं नेलं.

शेठ तडक स्टुडिओत आले.

"रघुनाथ, कविताचा सूर लागला होता का?"

"लागला होता," रघुनाथ मोठ्यानं म्हणाले.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणालात ना, शेठ."

शेठनी मला आणि छोटा रेकॉर्डर पिशवीत टाकला आणि कविताचं घर गाठलं. ती साड्यांना लेस लावत बसली होती. शेठ तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"चूक मन्हा कानस्नी व्हती, पोरी. परत गा."

कवितानं लेस बाजूला ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "काका, त्या दिवसानंतर मी घरातसुद्धा गायले नाही. आता आवाज उरला नाही."

शेठनी तिचे नुसते ओठ हललेले पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मग ठरलं. सोमवारले ये."

तिनं पुन्हा सांगितलं नाही. नुसती मान हलवली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांचा आवाज कमी ठेवा, आपले कान जपा. आणि कुणाला 'तुला जमत नाही' असं सांगण्याआधी शेजारच्यालाही एकदा विचारा. सोमवारी शेठ सकाळपासून मला हातात धरून दाराकडे बघत बसले होते. संध्याकाळी रघुनाथनी दिवे मालवले.