सुकाणूसमोरची देवी

यतीन माझा धाकटा भाऊ. बाप गेला तेव्हा हा रेल्वेच्या ड्यूटीवर होता, आणि मी त्याच्यासाठी न थांबता अग्नी दिला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आधी कोण बोलतो याची दोघंही वाट बघत होतो, आणि खोड दोघांनाही एकाच बापाची. पण वरोरच्या किनाऱ्यावरची शिडाची जुनी होडी दोघांच्या नावावर आहे, म्हणून मधे माझी बायको सुनंदा.

यंदा यतीनसाहेबांनी होडीची यंत्रं बदलायला काढली. डहाणूहून पोतंभर वायरी, बॅटरी, जीपीएसचा पडदा आणला, आणि बापाच्या होकायंत्राच्या जागी बसवायला नवं, लाल काट्याचं.

"वहिनी, सांगा त्याला, जुन्या होकायंत्रातलं तेल गळतंय. ते काढतोय."

"त्याला सांग, बापाने त्याच्यावरच दोन पोरं वाढवली. एक वाया गेलं, तो भाग वेगळा."

"मी काय टपालखातं आहे का?" सुनंदा म्हणाली. तरी दोघांचं दोघांना पोचवलं, जसं काही आम्ही बहिरे होतो.

खरं सांगायचं तर मला ती यंत्रं हवी होती. गेल्या पावसाळ्यापासून डोळ्यांवर साय धरली आहे. महालक्ष्मीच्या डोंगराच्या सुळक्यावर नजर ठेवून बाप घरी यायचा, मीही यायचो. आता तो सुळका मला दिसत नाही. हे यतीनला कळलं असतं तर त्याने सुकाणू काढून घेतलं असतं, आणि मग मी ओट्यावर बसून जाळी शिवणारा म्हातारा. त्याची मला भीती वाटत होती. तो लाल काटा मात्र जवळून दिसायचा.

पण त्याने केलं काय, तर जुन्याची जागा सोडून सुकाणूसमोरच्या पट्टीवरून देवी उचलली आणि तिथे नवं होकायंत्र बसवलं. ही देवी सुनंदाने महालक्ष्मीच्या जत्रेतून आणलेली, मोटारीत लावतात तसली, तळाला लोहचुंबक असलेली. तिला त्याने मागे बॅटरीच्या खोक्यावर ढकललं. विचारलंही नाही. आमच्या होडीत देवीची जागा कुणी घेत नाही, माणूस नाही की यंत्र नाही. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तो यायच्या आत मी देवी परत पुढे आणली आणि होकायंत्राला खेटून बसवली. खट्कन चिकटली.

मग होडी पाण्यात काढली. यतीन पुढे शिडाची दोरी धरून, मधे सुनंदा नारळ घेऊन, सुकाणूवर मी.

"वहिनी, सांगा त्याला, पश्चिम धर, काटा हलू देऊ नको म्हणावं."

"त्याला सांग, मला पश्चिम शिकवू नको."

काटा मी तसूभर हलू दिला नाही. वारा चांगला होता, होडी पळत होती. बघ म्हटलं, तुझ्याच यंत्रावर तुझ्यापेक्षा बरी चालवतो. मला मनापासून आनंद झाला.

"दादा, खुंट आहेत. फिरव."

समुद्रात जाळी बांधायला ठोकलेले, ताडाएवढे जाड खुंट. मी सुकाणू दाबलं ते नेमकं त्यांच्याकडेच. यतीनने दोरी सोडली, सुनंदाला ओलांडून मागे आला आणि माझा हात झटकून सुकाणू ओढलं. होडी खुंटाला घासत गेली. नारळ घरंगळला.

त्याने देवी पाहिली. हिसका देऊन पट्टीवरून काढली, तसा लाल काटा गर्रकन फिरला.

"काटा देवीने फिरवला, ते समजलं," तो म्हणाला. "पण एवढे खुंट समोर होते. ते तुला दिसले नाहीत?"

मी सुनंदाकडे बघितलं. तिने काही पोचवलं नाही.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

तो शिव्या देईल असं वाटलं होतं. द्यायला हव्या होत्या. त्याने नुसती देवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "धर. इकडे आणू नको." त्याला माझी कीव आली होती, आणि ती मला शिव्यांपेक्षा जास्त झोंबली.

आधी तो बोलला होता. इतक्या वर्षांची पैज मी जिंकलो होतो. देवी मांडीवर घेऊन मी मधे सुनंदाशेजारी जाऊन बसलो.